वाचकांचे प्रश्न : काकवीची कढई मोठी करताना

दिवाळीनंतर ऊस साखरेवर येऊ लागला की काकवीविषयीची पत्रं वाढतात. या वेळच्या पत्रांत कुही, मौदा, रामटेक भागांतले छोटे गुऱ्हाळवाले आहेत, तसे नागपूर शहरातलेही वाचक आहेत. बहुतेकांची अडचण एकच आहे. काकवीला गिऱ्हाईक मिळतंय आणि कढई पुरत नाही. म्हणून पहिल्या प्रश्नाला नेहमीपेक्षा बरीच जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : आमचं लहान गुऱ्हाळ आहे. चार फूट व्यासाची लोखंडी कढई आहे. एका आधणाला १५० लिटर रस घेतो, काकवी व्हायला चार तास लागतात. घाणा तासाला ३०० किलो ऊस गाळतो, पण कढई रिकामी नसते म्हणून घाणाच थांबवावा लागतो. दिवसाला दीड टन ऊस गाळून त्याच दिवशी आटवायचा विचार आहे. कढई बनवणारा म्हणतो, आठ फुटी घ्या, पुढची चिंता नको. चुलाण तेच ठेवून नुसती कढई बदलली तर चालेल का?
— कुही, जि. नागपूर

उत्तर : चुलाण तेच ठेवून चालणार नाही, आणि आठ फुटी कढईची तुम्हाला गरजही नाही. कढईत किती लिटर मावतं यावर आटवण्याचा वेग ठरत नसतो. तळाच्या किती चौरस फुटाला जाळ लागतो आणि चुलाण तिथवर किती उष्णता पोचवतं, यावर तो ठरतो.

आधी तुमचाच आजचा हिशेब मांडू. १५० लिटर रस म्हणजे साधारण १६० किलो. रस १८ ब्रिक्सचा (म्हणजे १०० किलोत साधारण १८ किलो विरघळलेली साखर) धरला आणि काकवी ७० ब्रिक्सला उतरवली, तर १०० किलो रसातून ७४ किलो पाणी उडवावं लागतं. तुमच्या एका आधणातून जवळपास १२० किलो. चार तासांत १२०, म्हणजे तासाला ३०. चार फुटी कढईचा तळ साडेबारा चौरस फूट भरतो, तेव्हा चौरस फुटाला तासाला २.४ लिटर पाणी जातंय. ही चाल मंद आहे. बरी ओढ (धुराड्याकडे हवा खेचली जाणं) असलेल्या चुलाणावर सपाट तळाच्या कढईतून चौरस फुटाला ४ लिटर जायला हरकत नसते. म्हणजे तुमची कढई लहान आहे हे खरं, पण चुलाणही अर्धवटच काम करतंय. तीच आग मोठ्या तळाखाली पसरवली तर ती आणखी पातळ होईल आणि आधण रखडेल. रखडलेला रस काळपट होतो आणि चवीला उतरतो.

आता पुढचा हिशेब. दीड टन उसातून तीन रुळांच्या घाण्यावर साठ टक्क्यांनी ९०० किलो रस निघेल, त्यातून सुमारे ६७० किलो पाणी उडवायचं. आठ तासांच्या दिवसात रस तापवणं, मळी (रसावर तरंगणारा मळ) काढणं, काकवी उतरवणं धरून खरी उकळी सहा तासच मिळते. तासाला ११२ लिटर, भागिले ४, म्हणजे २८ चौरस फूट जाळ लागणारा तळ हवा. तो सहा फूट व्यासात मिळतो. कढईची कड मात्र सगळीकडून तीन इंच बांधकामावर टेकली पाहिजे, नाहीतर कडेचा उघडा पत्रा तापून तिथे पाक करपतो. म्हणून बनवून घ्यायची ती साडेसहा फुटी.

आठ फुटी का नको, याची दोन कारणं आहेत. पहिलं शेवटच्या अर्ध्या तासाचं. दिवसाच्या रसाची तीन आधणं केली तर एका आधणाला २८० लिटर, म्हणजे ३०० किलो, रस येतो. त्याची काकवी ५७ लिटरच्या आसपास उरते. साडेसहा फुटी तळावर ती पावणेदोन सेंटिमीटरच्या जरा वर उभी राहते, आठ फुटी तळावर जेमतेम सव्वा. एवढा पातळ थर जोराच्या आगीवर सांभाळता येत नाही. तळ तसूभर जरी तिरका असला तरी एका बाजूला करपतं आणि दुसऱ्या बाजूला कच्चं राहतं. थर वाढवायला आधण मोठं घ्यावं, तर दुसरं कारण आडवं येतं. तुमचा घाणा तासाला १८० किलो रस देतो. ३०० किलोचं आधण पावणेदोन तासांत जमतं, साडेचारशे किलोला अडीच तास लागतात. तोवर आधीचा रस हौदात आंबट होत जातो आणि त्यातल्या साखरेचं विघटन सुरू होतं. घाण्याच्या दोन तासांच्या रसापेक्षा मोठं आधण घेऊ नका. २८० लिटरची तीन आधणं घेतली की तुमचा दीड टन ऊस त्याच दिवशी संपतो.

खरी मेख सरपणात आहे. दीड टन उसाचं ओलं चिपाड सुमारे ६०० किलो निघतं. त्यात निम्मं पाणी असतं. पाच-सहा दिवस कडक उन्हात पसरून वाळवलं की ३३० किलो उरतं. ६७० किलो पाणी ३३० किलो चिपाडावर उडवायचं, म्हणजे एका किलोला दोन लिटर. साध्या एका कढईच्या चुलाणावर किलोमागे लिटर-सव्वा लिटरच उडतं. उरलेली उष्णता धुराड्यातून निघून जाते, आणि गुऱ्हाळवाला लाकूड विकत घेत बसतो. तुमचं चुलाण कुठे आहे हे एका दिवसात कळेल. वाळलेलं चिपाड मोजून बाजूला ठेवा, एक आधण फक्त त्यावर उतरवा आणि उडालेल्या पाण्याला जळालेल्या किलोंनी भागा. आकडा एकाच्या आसपास आला तर नवी कढई घेण्याआधी चुलाण पाडा.

नवं चुलाण दोन भांड्यांचं बांधा. जाळावर मुख्य कढई, तिच्या मागे धूर जाण्याचा विटांचा बोळ, बोळावर रस तापवण्याचा चौकोनी ट्रे आणि त्यामागे धुराडं. ट्रे ३ बाय ५ फुटांचा आणि १४ इंच उंच केला तर पुढचं अख्खं आधण त्यात मावतं. त्याचा तळ कढईच्या काठापेक्षा वर ठेवा, म्हणजे दीड इंची व्हॉल्व्ह उघडला की तापलेला रस आपसूक कढईत उतरतो. ज्या उष्णतेने एरवी धुराडं तापलं असतं तिच्यावर रस ८० अंशांपर्यंत जातो. कढईवरचा अर्धा तास वाचतो आणि किलोमागे दोन लिटरांचा हिशेब जुळायला लागतो. लखनौच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेने दोन आणि तीन कढयांची सुधारित चुलाणं याच तत्त्वावर केली आहेत. खाली जाळ असताना ट्रे कधीही कोरडा ठेवायचा नाही. रस संपला तर पाणी भरा.

बांधकामात चार जागी चुका होतात. जाळीच्या बिडाच्या सळ्यांमध्ये बोटभर फट हवी आणि खाली राखेचा खड्डा मोकळा हवा. राख साचून जाळी बुजली की वारा वरच्या तोंडातून शिरतो आणि थंड वाऱ्याने कढईचा तळ निवतो. जाळीपासून तळापर्यंत अडीच ते तीन फूट उंची ठेवा. चिपाडाची ज्वाळा लांब असते, ती पूर्ण जळायला जागा लागते. जागा कमी पडली तर ज्वाळा तळावर आपटून काजळी धरते, आणि काजळीचा थर उष्णता अडवतो. आतल्या बाजूला भट्टीच्या विटा फायर क्लेमध्ये लावा, सिमेंटमध्ये लावल्या तर पहिल्याच हंगामात तडे जातात. एवढ्या कढईला आतून नऊ इंची चौकोनी धुराडं निदान १५ ते १८ फूट उंच घ्या आणि त्यात सरकती झडप बसवा. ओढ तपासायला उदबत्ती पुरते. चूल पेटल्यावर ती जाळाच्या तोंडाशी धरा, धूर सरळ आत खेचला गेला पाहिजे. काळा धूर दिसला तर जाळ घालणाऱ्याला एकदम भारा न कोंबता मूठ-मूठ, पण सतत घालायला सांगा. काळा धूर म्हणजे न जळलेलं सरपण.

आता कढईचं साहित्य. लोखंड सोडा. उसाचा रस किंचित आम्लधर्मी असतो, त्यात लोखंड उतरतं आणि काकवी काळवंडते. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा तर मुळीच नको, जस्त रसात विरघळतं. स्टेनलेस स्टील ३०४ प्रतीचं घ्या, तळ ३ मिमी, बाजू २ मिमी, उंची १८ इंच. उंची फेसासाठी लागते, ती कमी करू नका. सांधे आर्गन वेल्डिंगचे आणि आतून घासून गुळगुळीत केलेले हवेत, खडबडीत सांध्यात पाक अडकून करपतो. पत्रा दर चौरस मीटरला दर मिलिमीटर जाडीला ८ किलो भरतो. त्या हिशेबाने ही कढई १२० किलोंच्या आसपास येईल. इतवारीतल्या लोहा ओळीत किंवा हिंगणा एमआयडीसीत भाव विचारताना पत्र्याचा किलोचा दर आणि मजुरी वेगवेगळी विचारा, मग भाव ताडून पाहता येतात. ३०४ च्या नावाखाली हलक्या प्रतीचं २०२ स्टील खपवलं जातं, त्यात मँगनीज जास्त असतं. लोहचुंबक दोन्हींना चिकटत नाही, त्यामुळे त्या चाचणीचा उपयोग नाही. मँगनीज ओळखणाऱ्या द्रवाचा एक थेंब पत्र्यावर टाकला की रंगावरून २०२ उघडं पडतं. ही बाटली पत्र्याच्या चांगल्या दुकानात असते, तुमच्या समोर थेंब टाकायला सांगा आणि पत्र्याच्या कारखान्याचं चाचणी प्रमाणपत्रही मागा.

काकवी उतरवायची कशी, हेही आत्ताच ठरवा. कढई १२० किलो आणि आत ७७ किलो उकळता पाक, असं ओझं चौघांनी कड्यांना धरून उचलणं धोक्याचं आहे. रुळावरची चेन पुली लावा, नाहीतर कडेला दोन इंची निकास घेऊन डेअरीत वापरतात तसा स्टीलचा व्हॉल्व्ह बसवा. व्हॉल्व्हची पद्धत स्वस्त पडते, पण तिला शिस्त लागते. जाळ विझला तरी विटा तापलेल्या असतात आणि रिकाम्या कढईचा तळ मिनिटभरात वाकतो. म्हणून पाक होण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी जाळ घालणं थांबवायचं, निकास उघडायचा, आणि शेवटची धार बारीक होताच ट्रेचा व्हॉल्व्ह सोडायचा. ट्रे भरलेला नसेल तर निकास उघडूच नका.

प्रश्न : मेपल सिरप बनवणारे कप्पे पाडलेला सपाट पॅन वापरतात. एका टोकाने रस जातो आणि दुसऱ्या टोकाने सिरप सतत निघत राहतं. शेतावरच्या गुऱ्हाळासाठी तसाच ४ बाय ८ फुटांचा पॅन करून घ्यावा, असं मुलगा म्हणतो. उसाच्या रसाला तो चालेल का?
— प्रतापनगर, नागपूर (शेत रामटेक तालुक्यात)

उत्तर : अर्धा चालेल. मेपलच्या झाडाच्या रसात साखर दोन टक्क्यांच्या आसपासच असते, त्यामुळे तिकडे लिटरभर सिरपसाठी साधारण ४० लिटर रस आटवावा लागतो. आपल्याकडे पाच लिटर उसाच्या रसात लिटरभर काकवी होते. एवढं पाणी उडवायचं म्हणून त्यांच्या यंत्राला दोन भाग असतात. मागे, धुराड्याकडे, तळाला खोल घड्या पाडलेला पॅन असतो. घड्यांमुळे जाळाला दुपटीहून जास्त पत्रा मिळतो. पुढे, आगीवर, कप्प्यांचा सपाट पॅन असतो आणि सिरप तिथे तयार होतं. मागचा घड्यांचा भाग उसाला घेऊ नका. उसाच्या रसात मळी, मेण आणि चिकट द्रव्यं खूप असतात, ती घड्यांच्या तळाशी बसून करपतात आणि तिथे झारा पोचत नाही.

पुढचा कप्प्यांचा सपाट पॅन मात्र उपयोगी आहे. अमेरिकेतल्या केंटकी, टेनेसी भागांत गोड ज्वारीच्या धाटांच्या रसाचं सिरप अशाच पॅनमध्ये करतात, आणि तो रस आपल्या उसाच्या रसाला मेपलपेक्षा कितीतरी जवळचा आहे. ४ बाय ८ म्हणजे ३२ चौरस फूट, कप्पे फूटभर रुंद, एकाआड एक टोकाला फट, म्हणजे रस नागमोडी वळत पुढे जातो. रसाची खोली दीड ते दोन इंच ठेवतात. पाक एकदम कढईभर न होता शेवटच्या एका कप्प्यात थोडा-थोडा होतो, आणि रस आगीवर कमी वेळ राहतो. म्हणून रंग उजळ येतो.

ज्या चुकांनी हा पॅन हातचा जातो त्या आधी समजून घ्या. कच्चा रस सरळ पॅनमध्ये सोडला तर मळी उकळीबरोबर सगळ्या कप्प्यांत फिरते. मागे तापवण्याचा ट्रे ठेवा, मळी तिथेच काढा आणि स्वच्छ रसच आत सोडा. पॅन पाणसळीने सपाट लावा. आत येणाऱ्या रसाला तरंगता व्हॉल्व्ह लावा, नाहीतर कुणाचं तरी लक्ष चुकतं आणि शेवटचा कप्पा उघडा पडतो. शेवटच्या कप्प्यातून मागे झाऱ्याने ढवळू नका, जाड पाक मागच्या पातळ रसात मिसळला की तो पुन्हा आटवावा लागतो. संध्याकाळी रस संपत आला की मागून स्वच्छ पाणी सोडायचं. पाणी पाकाला पुढे ढकलत नेतं, आणि निघणारी धार पातळ झाली की जाळ बंद.

तुम्ही फक्त काकवी करणार असाल आणि घाणा सलग पाच-सहा तास चालणार असेल तरच हा पॅन घ्या. मधूनमधून गुळाच्या ढेपा किंवा पावडर गूळही करायची असेल, तर गोल कढईच बरी. गूळ ११८ अंशांच्या आसपास उतरवतात, पावडर त्याहून वर, आणि कप्प्यांच्या कोपऱ्यात तेवढा घट्ट पाक हमखास करपतो.

मेपलवाले आटवण्याआधी उलट्या परासरणाच्या यंत्राने, म्हणजे आरओने, रसातलं बरंच पाणी काढून टाकतात. उसाच्या गढूळ रसाने त्याची पडदी लवकर बुजते, छोट्या गुऱ्हाळात त्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न : गेल्या हंगामात मोठी कढई घेतली. तेव्हापासून काही बाटल्यांच्या तळाशी साखरेचे खडे बसतात, तर काही बाटल्या दोन महिन्यांत फसफसतात. ऊस तोच, गुळव्या तोच. असं का होतं?
— मौदा, जि. नागपूर

उत्तर : दोन्ही तक्रारींचं मूळ एक आहे, पाक दर वेळी वेगळ्या ठिकाणी उतरतोय. ७२ ब्रिक्सच्या वर गेला की साखर खाली बसते, ६५ च्या खाली राहिला की यीस्ट वाढतं आणि काकवी आंबते. मोठ्या कढईत हे का बिघडलं, तर शेवटी पाकाचा थर दीड-दोन सेंटिमीटरच उरतो आणि जुन्या जाड तापमापीचं टोक त्यात बुडत नाही. अर्धं टोक वाफेत राहतं, नाहीतर तापलेल्या तळाला टेकतं. एकदा आकडा कमी दिसतो, एकदा जास्त. बारीक टोकाची डिजिटल तापमापी घ्या आणि पाक खोलगट मोठ्या पळीत घेऊन लगेच त्यात टोक बुडवा.

काकवीसाठी १०५ ते १०६ अंश हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. तो आहे तसा पाळण्याआधी आपल्या तापमापीवर साध्या पाण्याची उकळी पाहा. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे, इथे पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळतं. तुमच्या तापमापीवर उकळत्या पाण्याला ९७ दिसत असेल तर चूक तिची आहे. मग आकडा विसरा आणि पाण्याच्या उकळीपेक्षा ६ ते ७ अंश वर, एवढंच धरा. या टप्प्यावर एका अंशाची चूक म्हणजे जवळपास ३ ब्रिक्सचा फरक, म्हणजे तुमचा एक अंश चुकला की काकवी साखर धरणार किंवा आंबणार.

तापमान जवळ आल्याची खूण डोळ्यांनाही दिसते. रस असताना फेस पांढरट आणि हलका असतो. पाक होऊ लागला की बुडबुडे पिवळसर, मोठे आणि जड होतात, फुटताना फट्‌फट् आवाज येतो आणि वाफ एकदम कमी होते. पळी वर धरली तर आधी पाण्यासारखे सुटे थेंब पडतात, मग दोन थेंब कडेशी एकमेकांना मिळून रुंद पट्टी होऊन तुटतात. ती पट्टी दिसली की तापमापी हातात घ्या.

शेवटचा निवाडा रिफ्रॅक्टोमीटरचा. रसाचा ० ते ३२ ब्रिक्सचा मीटर काकवीला चालत नाही, ५८ ते ९० च्या आसपासचा वेगळा लागतो. त्यातली तापमानाची दुरुस्ती साधारण १० ते ३० अंशांपर्यंतच काम करते, तेव्हा उकळत्या पाकाचा थेंब काचेवर ठेवून वाचलेला आकडा खोटा. चमचाभर पाक स्टीलच्या वाटीत घ्या, वाटी गार पाण्यात धरा, झाकून निववा आणि मग वाचा. ६८ ते ७० वर थांबा.

खडे होऊ नयेत म्हणून कढई उतरल्यावर किलोला ४०० मिलिग्रॅम सायट्रिक आम्ल, म्हणजे १०० किलो काकवीला ४० ग्रॅम, थोड्या पाण्यात विरघळवून घाला. त्याने थोडी साखर फुटते आणि खडा धरत नाही. रसात चुना जास्त पडत असेल तर हा परिणाम मारला जातो, तेही तपासा. मग झाकलेल्या स्टीलच्या टाकीत आठ ते दहा दिवस निवळू द्या. गाळ तळाशी बसतो, वरची काकवी दुहेरी मलमलच्या कापडातून गाळून घ्या.

आंबण्याचं दुसरं कारण भरण्यात असतं. गार काकवी ओलसर बाटलीत भरली की झाकणाखाली दव धरतं, तेवढ्या पाण्यात वरचा थर पातळ होतो आणि तिथून आंबणं सुरू होतं. गाळलेली काकवी पुन्हा ८५ अंशांपर्यंत तापवा, कोरड्या, कोमट केलेल्या काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरा, झाकण लावून दोन मिनिटं आडवी ठेवा. साध्या पेट (प्लास्टिकच्या) बाटल्या या तापमानाला आकसतात, त्यांत गरम भरता येत नाही. ब्रिक्स बरोबर असेल आणि गरम भरली असेल तर परिरक्षक घालायची गरज उरत नाही. आमचं मत, घालू नये. घातलंच तर एफएसएसएआयची मर्यादा पाळा आणि लेबलवर लिहा.

खडे झालेल्या बाटल्या ६० अंशांच्या पाण्यात ठेवून थोडं गरम पाणी मिसळून सुधारतात, ब्रिक्स पुन्हा पाहा. आंबलेली काकवी चांगल्या मालात कधीही मिसळू नका, सगळी टाकी जाईल.

प्रश्न : स्टीलची कढई घेऊनही काकवी काळसरच येते. भेंडी घालतो, चुनाही घालतो.
— पवनी, जि. भंडारा

उत्तर : मळी काढण्याची वेळ चुकत असावी. काळी मळी रस ८० ते ८५ अंशांवर असताना, उकळी फुटण्याआधी, जाड सायीसारखी वर येते. त्या वेळी जाळ कमी करून ती सगळी एकदम उचलायची असते. उकळी फुटली की ती मोडते आणि पुन्हा रसात जाते, मग कितीही झारे मारा, रंग सुटत नाही. मोठ्या कढईवर एका माणसाने हे होत नाही. दोन बाजूंनी दोघं, लांब दांड्याचे झारे घेऊन. भेंडीचा चिकट अर्क एकदम न ओतता दोन-तीन वेळा घाला, पहिला रस कोमट असताना.

चुना अंदाजाने घालू नका. रसाचा सामू (पीएच) ५.२ ते ५.४ असतो, तो ६.२ ते ६.४ पर्यंत आणायचा आणि थांबायचं. सामू दाखवणारी कागदी पट्टी स्वस्त मिळते. त्याच्या वर गेलं की रंग काळपट लालीकडे जातो. रंग उजळ करायला हायड्रॉस पावडर विकली जाते, तिला हात लावू नका. उसाचंही पाहा: तोडल्यावर २४ तासांत गाळला पाहिजे, वाढे आणि कोवळा शेंडा काढलेला हवा, मुळ्या फुटलेलं कांडं बाजूला.

प्रश्न : शहरात रसवंती आहे. उन्हाळ्यात उरलेल्या रसाची काकवी गॅसवर केली तर परवडेल का? केवढं भांडं घ्यावं?
— सक्करदरा, नागपूर

उत्तर : उरलेल्या रसाची करू नका. नागपूरच्या उन्हाळ्यात, पारा ४५ च्या घरात असताना, रस तासाभरातच आंबटतो. काकवीसाठी ताजा रस सकाळी वेगळा काढा, बर्फ आणि लिंबू नसलेला.

किलोभर काकवीला सुमारे २.९ लिटर पाणी उडवावं लागतं. बऱ्या बर्नरवर त्याला साधारण ३५० ग्रॅम गॅस जातो, म्हणजे १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरमध्ये ५० ते ५५ किलो काकवी. त्या दिवसाच्या सिलिंडरच्या भावाला ५० ने भागा, उसाचे आणि बाटलीचे पैसे मिळवा आणि मग ठरवा. तुमच्यासाठी अडीच फूट व्यासाचं, सपाट जाड तळाचं, फूटभर उंच भांडं पुरे. त्यात ४० लिटर रस घ्या, जास्त भरला तर फेस उतू जाऊन बर्नर विझतो आणि गॅस कोंडतो. फेस चढला तर चमचाभर शेंगदाण्याचं तेल शिंपडा.

मोठा बर्नर एकाच सिलिंडरवर तासन्‌तास चालवला की सिलिंडर गार पडून वर दव धरतं, दाब उतरतो आणि नेमकं पाक होण्याच्या वेळी ज्वाळा बसते. सिलिंडर हलवणं किंवा त्यावर गरम पाणी ओतणं धोक्याचं आहे. दोन सिलिंडर एका मॅनिफोल्डला (सामाईक जोडनळीला) जोडून एकाच वेळी चालू ठेवा, आणि ते भट्टीपासून लांब, हवेशीर जागी उभे करा.